दीड मिलिमीटर

“उस्ताद, जरा मागे सरा. तुमची सावली पडतेय.”

डॉक्टरबाईंनी छोट्या आरशाच्या पाठीने खारूचा गाल अलगद बाजूला धरला होता. उस्ताद दोन पावलं मागे सरला. सरता सरता त्याचं कोपर औजारांच्या ट्रेला लागलं, ट्रे खणाणला, आणि खारूने तोंड वासलेलं ठेवूनच डोळे फिरवून बापाकडे पाहिलं. शाळेच्या कार्यक्रमात बापाने भलत्याच ठिकाणी टाळ्या वाजवल्या की मुली जशा पाहतात, तसं.

उस्ताद हे काही त्याचं नाव नव्हे. दंतवैद्यांना कवळ्या, कॅप आणि प्लेटा करून देणारी त्याची लॅब सत्तावीस वर्षं चालू होती आणि एवढ्या काळात दंतवैद्य मंडळींनी त्याचं खरं नाव वापराअभावी गंजू दिलं होतं. शहरातल्या निम्म्या जबड्यांची प्लास्टरची मॉडेलं त्याच्या हाताखालून गेली होती. रस्त्यात लोक त्याला चेहऱ्याने ओळखत. तो त्यांना दाढांनी ओळखे. फक्त एका तोंडात त्याला प्रवेश नव्हता, आणि ते तोंड या क्षणी दुसऱ्याच कुणासमोर आनंदाने उघडलेलं होतं.

“हा फोड कधीपासून आहे गं?”

“चार दिवस झाले. जिभेखाली अजून एक आहे, तो कालचा.”

“दुखतो?”

“बोलताना नाही. हसताना.”

चार दिवस! उस्तादने मनातल्या मनात चार दिवस मागे जाऊन पाहिलं. चारही सकाळी त्याने विचारलं होतं, “काय गं, गप्प का?” आणि चारही सकाळी उत्तर आलं होतं, “काही नाही.” इथे मात्र बाईंनी विचारायचा अवकाश, पोरगी तारीखवार हिशेब देत होती. बाईंच्या गोल, चाकांच्या स्टुलाकडे उस्ताद पाहत राहिला. घरी असं एक स्टूल असतं तर कदाचित फरक पडला असता, असं त्याला उगीचच वाटलं.

खारू अकरा वर्षांची. लहानपणी घास गालात साठवून घरभर हिंडायची, म्हणून खारू. तिचे वरचे पुढचे दोन दात खालच्या दातांच्या आत बसत, त्यामुळे ती हसली की काहीतरी चोरल्यासारखी दिसे. त्यातच तिला धुळीची ॲलर्जी, मांजराची ॲलर्जी, खोट्या कानातल्यांची ॲलर्जी, आणि महिन्यातून दोनदा तोंड यायचं ते वेगळंच. तिची आई म्हणायची, “या मुलीला चालणाऱ्या वस्तूंची यादी करा, ती छोटी होईल.”

“हे बघ,” डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या खारूशीच बोलत होत्या. आईबाप दोघेही तिथे उभे होते हे त्यांना बहुधा आठवतही नव्हतं. “आपल्याकडे तीन रस्ते आहेत. पहिला, नेहमीच्या तारा. त्यांत निकेल असतं. कानातल्यांनी तुझे कान लाल होतात ना, तसं तोंडात व्हायला नको.”

“नकोच.”

“दुसरा, पांढऱ्या सिरॅमिकच्या चकत्या आणि टायटॅनियमची तार. त्यात निकेल नाही. पण गालाला घासणार. तुझं तोंड येतं, म्हणजे टोचेल तिथे लावायला मेणाची डबी कायम दप्तरात. तिसरा, या पारदर्शक ट्रे. गुळगुळीत असतात, दर पंधरवड्याला नवी. पण दिवसाचे बावीस तास घालाव्या लागतात. दप्तरात ठेवल्यास तर दप्तराचे दात सरळ होतील.”

खारू खुदकन हसली आणि लगेच गाल धरला.

उस्ताद हसला नाही. या ट्रे कशा होतात ते त्याला ठाऊक होतं. पेनासारखं एक यंत्र तोंडात फिरवायचं, चित्र पडद्यावर उमटवायचं, ते कुठल्याशा लांबच्या कारखान्यात पाठवायचं, आणि तिथे, ज्याने या मुलीला जन्मात पाहिलेलं नाही असं एक मशीन तिचे दात ढकलायच्या ट्रे छापणार. सोबत बिल आणि शुभेच्छापत्र. त्या यंत्राला आपल्या मुलीच्या तोंडात फुकट प्रवेश, आणि आपली सावली पडते!

“चौथा रस्ता राहिला,” तो म्हणाला.

बाई वळल्या.

“प्लेट. दोनच दात पुढे ढकलायचेत. मागून एक तारेची कमान, दोन बाजूंना दोन पकडी. तार निकेल नसलेली मागवतो. मी करीन.”

स्टूल थोडं मागे गेलं. डॉक्टरबाई वयाने त्याच्याहून वीस वर्षांनी लहान. शिकत असताना त्या संध्याकाळच्या त्याच्या लॅबमध्ये येऊन बसायच्या, आणि पहिली तार धड वाकेना तेव्हा त्याच्याच टेबलावर रडल्याही होत्या. या गोष्टीचा उस्तादने आजवर कधी उल्लेख केला नव्हता; फक्त दर भेटीत तिची आठवण तो शांतपणे चेहऱ्यावर बाळगायचा.

“प्लेटचा विचार माझ्याही मनात होता,” बाई म्हणाल्या. “पण आधी त्वचेच्या डॉक्टरांकडून पाठीवरची ॲलर्जीची चाचणी करून घेऊ. रक्तही तपासू, लोह कमी असलं तरी तोंड येतं. मग ठरवू. चालेल ना तुला, खारू?”

“चालेल,” खारू म्हणाली. तिला विचारल्यावर.

---

त्वचेच्या डॉक्टरांकडे एक फॉर्म होता. ‘रुग्णाच्या तोंडात उपचारादरम्यान जे जे पदार्थ जाण्याची शक्यता आहे, त्यांची नावे’ आणि खाली दहा रिकाम्या ओळी. उस्तादने फॉर्म बायकोच्या हातून जवळजवळ हिसकावूनच घेतला. या प्रश्नाला बसायला आख्ख्या शहरात त्याच्याइतकी तयारी कुणाची नव्हती. निकेल, कोबाल्ट, क्रोमियम, मॉलिब्डेनम, हातमोज्यांचं रबर, दातांना लावायची रबरबँड, टूथपेस्टमधला फेस, टूथपेस्टमधला पुदिना, माप घ्यायच्या पावडरीचा रंग, तिचा वास... दहा ओळी संपल्या, तेव्हा त्याने कागद उलटा केला.

“सगळं लिहिलंत ना?” बायकोने विचारलं.

“कुणाला विचारतेयस?”

एकूण सोळा नावं झाली. ॲक्रिलिक हे नाव त्यांत नव्हतं. प्लेट ज्याची होते ते ॲक्रिलिक. ज्याची पांढरी पूड आणि उग्र वासाचं लिक्विड सत्तावीस वर्षं त्याच्या बाह्यांना, नखांना, जेवणाच्या डब्याला चिकटून घरी येत होतं. ते त्याने मुद्दाम वगळलं असं नाही. ते त्याला सुचलंच नाही. यादी करताना माणूस वस्तू लिहितो. स्वतःचा हात लिहीत नाही.

आठवड्याने निकाल आला. पाठीवर निकेलच्या जागी टपोरा लाल चट्टा, रबराच्या जागी त्याहून लहान. लोह थोडं कमी. बाकी सगळं साफ. उस्तादने निकाल दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि एखाद्या उमेदवाराने मतमोजणीनंतर करावा तसा डॉक्टरबाईंना फोन केला.

“म्हणजे प्लेट.”

“हो, तसं दिसतंय,” बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, “उस्ताद, प्लेटमध्ये ॲक्रिलिकचं लिक्विड उरत नाही ना तुमच्याकडे? कच्चं राहिलं तर तिला त्रास होईल.”

“बाई,” उस्ताद म्हणाला, “तुमची पहिली तार कुणी वाकवून दिली होती?”

उस्तादला स्वतःच्या वाक्याची लाज वाटली, पण ती वाक्य संपल्यावर वाटली, म्हणजे उशीर झाला होता.

“बरं,” बाई म्हणाल्या. “तीन महिने बघू. पण जळजळ झाली तर त्याच दिवशी काढायची. हे मी तिलाही सांगणार आहे.”

तिलाही सांगणार आहे. जणू घरात सांगणारं दुसरं कुणी नव्हतंच.

---

त्या आठवड्यात लॅबमध्ये दुसरं काम झालं नाही. एका निवृत्त मुख्याध्यापकांची कवळी शुक्रवारी द्यायची होती. बायकोने आठवण केली.

“राहू दे,” उस्ताद म्हणाला. “दोन दिवस हिरड्यांनी चावतील. आयुष्यभर पोरांची डोकी खाल्लीत, सवय असेल.”

त्याने तार मागवली, वाकवली, मोडली, पुन्हा वाकवली. मॉडेलवर पेन्सिलने प्लेटची हद्द आखताना तो श्वास रोखून बसला. रंग कोणता, यावर घरात चर्चा नको म्हणून त्याने स्वतःच जांभळा ठरवला, त्यात चमकी घातली. लिक्विड कच्चं राहू नये म्हणून प्लेट नेहमीपेक्षा दुप्पट वेळ गरम पाण्यात शिजवली, आणि मग पॉलिश. असं पॉलिश त्याने कुठल्या मंत्र्याच्याही कवळीला केलं नसतं. कडेवरून तो आधी बोट फिरवायचा, मग डोळे मिटून जीभ फिरवायचा. शेजारच्या टेबलावर काम करणारा त्याचा जोडीदार एकदा म्हणाला, “उस्ताद, आता ती प्लेट उरेल की नुसती चमकच?”

खारूने आरशासमोर प्लेट बसवली. खट् असा बारीक आवाज झाला. तो आवाज उस्तादला सत्तावीस वर्षांत इतका गोड कधी लागला नव्हता.

“थान आहे, बाबा,” ती म्हणाली. प्लेटमुळे जीभ अडखळत होती.

“होईल सवय दोन दिवसांत. टोचतेय का कुठे?”

“नाही.”

“जळजळ?”

“नाही.”

“काहीही वाटलं तर मला सांगायचं. लगेच. मला.”

“हो.”

एवढंच त्याला हवं होतं. दात सरळ झाले काय, वाकडे राहिले काय, शेवटी ते दातच. पण दुखलं-खुपलं तर पोरीने आधी आपल्याकडे यावं. आणि आता तर तिच्या तोंडात चोवीस तास त्याच्या हातचं काम होतं. आता ती जाणार कुठे?

---

ती डॉक्टरबाईंकडे गेली. म्हणजे वेळापत्रकाप्रमाणे, दर तीन आठवड्यांनी, आईबरोबर, तेही भर दुपारी, जेव्हा लॅबमधून निघणं अशक्य. प्लेट बसवून आठवडाच झाला होता तेव्हा मात्र दोघी एकदा मधेच जाऊन आल्या. “ती पकड जरा सैल वाटत होती,” बायकोने सांगितलं. “बाईंनी बघितली. ठीक आहे म्हणाल्या.”

“पकड सैल होती तर मला सांगायचं ना! पकड कुणी केली?”

“तुम्ही.”

“मग?”

“मग काय? झालं ना काम,” असं म्हणून बायको धुतलेले कपडे घड्या घालण्यात इतकी गुंतली, की एका रुमालाची तिने तीनदा घडी घातली.

मग ती वही आली. बाईंनी खारूला सांगितलं होतं, की तोंड आलं की तारीख लिहायची, फोड कुठे आला ते लिहायचं, आदल्या दिवशी काय खाल्लं ते लिहायचं. छोटी निळी वही. पानं भरून नेली की बाई तीवर चमकीचा तारा चिकटवत. उस्तादने ते तारे पाहिले आणि त्याच्या मनात आलं, की शिकल्यासवरलेल्या दंतवैद्याने असले तारे चिकटवणं व्यवसायाला शोभतं का, याची कुठल्यातरी परिषदेने दखल घ्यायला हवी. त्यानंतर तो स्टेशनरीच्या दुकानात गेला आणि तसल्याच ताऱ्यांचं एक पाकीट घेऊन आला. पाकिटात दोनशे तारे होते. चिकटवायला जागा मात्र मिळाली नाही.

“आण बघू ती वही,” एका रविवारी तो म्हणाला.

“ती डॉक्टरताईंची आहे.”

“अगं, वाचतो नुसती.”

“नको ना बाबा. माझं अक्षर खराब आहे.”

“बरं, मग तोंड दाखव.”

“दाखवलंय डॉक्टरताईंना.”

“मी कोण आहे?”

“तू उजेडात येतोस,” खारू म्हणाली आणि निसटली.

डॉक्टरताई म्हणतात मऊ ब्रश. डॉक्टरताई म्हणतात फेस न येणारी टूथपेस्ट. डॉक्टरताई म्हणतात मिठाच्या पाण्याची गुळणी, जेवल्यावर. जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या होत्या. उस्तादला वाटायला लागलं की चौथीवर कुणीतरी बसतं आणि आपल्यापेक्षा जास्त जेवतं. त्यानेही मग उपाययोजना काढल्या. टोमॅटो बंद. अननस बंद. पिशवीतले खारे वेफर्स बंद. चॉकलेट बंद करायला गेला, तेव्हा बायको म्हणाली, “अहो, तिचं तोंड आलंय, तुम्ही का तोंडाला लागताय तिच्या?”

कारण तोंड येतच होतं. खारू सांगत नसे, पण ती गाल आत ओढून बसली की त्याला कळे. उस्तादचं निदान पक्कं होतं: कड टोचत असणार. कितीही गुळगुळीत केली तरी तोंडाच्या आत केस डोंगर होतो. म्हणून दर रविवारी, आंघोळ झाली की तो प्लेट मागून घेई, लॅबमधून आणलेल्या छोट्या मोटरवर बसे आणि तिची कड अजून, अजून गुळगुळीत करी. खारू शेजारी उभी राहून हात पुढे करून वाट पाही. चकाकती प्लेट परत मिळाली की ती लगेच तोंडात बसवी, खट्, आणि दुपारचं जेवण सोडलं तर संध्याकाळपर्यंत काढायची नाही. इतर दिवशी तो सकाळी सातला बाहेर पडायचा आणि जेवायच्या वेळेला परतायचा. जेवताना तर प्लेट काढायचीच असते. त्यामुळे रविवार हा त्याचा दिवस होता. प्लेटमुळे बोबडं बोलणारी पोरगी घरभर फिरताना ऐकली, की त्याला वाटे, म्हणा काय म्हणायचं ते डॉक्टरताईंना. पोरीच्या जिभेवर मी बसलोय.

---

तीन महिने झाले तेव्हा, शनिवारी, बाईंच्या दवाखान्यातून नेहमीचं पाकीट आलं. त्यात दोन कॅप, एक कवळी आणि एक माप, म्हणजे दातांचा उलटा ठसा, होतं. खरं तर स्कॅनर आल्यापासून मापांची गरज उरली नव्हती. पण प्लेटवाल्या प्रत्येक मुलाचं तीन महिन्यांनी माप घ्यायचं आणि उस्तादकडे धाडायचं, ही त्या दवाखान्याची जुनी रीत होती. तिथल्या मदतनीस बाई मालकीणबाईंपेक्षाही जुन्या होत्या, आणि त्यांनी आजवर कुठली रीत कुणाला विचारून पाळली नव्हती. सोबतच्या चिठ्ठीवर खारूचं नाव होतं.

सोमवारी सकाळी उस्तादने प्लास्टर कालवलं, मापात ओतलं, सुकू दिलं. मॉडेल हातात आलं तेव्हा त्याने खिडकी उघडली, जुनं मॉडेल फडताळातून काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवली. अंतर मोजायचं कॅलिपर लावलं.

मग कॅलिपर पुसून पुन्हा लावलं.

मग त्याने कॅलिपरमधला सेल बदलला.

दात जागचे हलले नव्हते. थोडे नव्हे, केसभरही नव्हे. तीन महिन्यांपूर्वी ते जिथे होते तिथेच, खालच्या दातांच्या आड, आरामात बसले होते. त्याची कमान खोटी नव्हती. तसली कमान महिन्याभरात दात बोलायला लावते, हे त्याने शेकडो मॉडेलांवर पाहिलं होतं. म्हणजे एकच अर्थ होता. प्लेट तोंडात नव्हती. दप्तरात होती, कपाटात होती, उशीखाली होती, तोंडात नव्हती.

आणि हे पोरीला एकटीला सुचलेलं नव्हतं. दर तीन आठवड्यांनी तोंड तपासणाऱ्या बाईला हे दिसलं नसेल? दिसलं असणार. बाईंनीच सांगितलं असणार, ठेव गं काढून, तुझ्या बाबांचं काही खरं नाही. मग बायको, निळी वही, तारे, तीनदा घडी घातलेला रुमाल, सगळं एकमेकांना जाऊन चिकटलं. पुढचंही त्याला दिसलं. आज चार वाजता खारूची भेट आहे. आज बाई म्हणणार, प्लेटने काही झालं नाही, मागवू या ट्रे. यंत्र जिंकणार. त्याला त्याच्याच घरात, त्याच्याच धंद्यात, तिघींनी मिळून खुळ्यात काढलं होतं.

त्याने दोन्ही मॉडेलं कोटाच्या मोठ्या खिशात घातली आणि सोमवारी, भर कामाच्या दिवशी, लॅबला कुलूप लावलं. वाटेत त्याने भाषण तयार केलं. ‘बाई, प्लास्टर खोटं बोलत नाही,’ अशी सुरुवात. मधे अनुभव, विश्वास, सत्तावीस वर्षं. शेवटी एक अवघड शांतता, जिच्यात तिघी माना खाली घालतील.

“अहो, तुम्ही?” बायको बाकावरून अर्धी उठली. “लॅब?”

“बंद केली.”

“सोमवारी?”

“का? माझी मुलगी आहे ना ती?”

खारू आधीच खुर्चीत आडवी होती. बापाला पाहून तिने पाय जवळ घेतले. डॉक्टरबाईंनी त्याला बसा म्हटलं. तो बसला नाही. सावली पडणार नाही अशी जागा बघून तो तिच्या पायांशी उभा राहिला आणि खिशावर हात ठेवून संधीची वाट पाहू लागला.

दिवा लागला. आरसा आत गेला. बाई वाकल्या, थांबल्या, अजून वाकल्या.

“काल घातलीस?” त्या अगदी हळू म्हणाल्या. दवाखान्यात मागे पाण्याचा नळ चालू होता; त्यांना वाटलं असेल, ऐकू जाणार नाही.

खारू छताकडे बघत राहिली.

“मी काय सांगितलं होतं? पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं ना, आता पुन्हा नाही घालायची?”

“रविवार होता,” खारू आरशाच्या बाजूने म्हणाली.

भाषणाची सुरुवात उस्तादच्या घशापर्यंत आली होती. तेवढ्यात बाईंनी आरसा वर फिरवला, आणि दिव्याचा झोत खारूच्या टाळूवर पडला.

टाळू लाल होता. सगळा नव्हे. लाली एका ठिकाणी सुरू होऊन एका ठिकाणी संपत होती, आणि जिथे संपत होती तिथे एक स्वच्छ रेघ होती. डाव्या दाढेपासून निघालेली, मागे किंचित आत वळलेली, मधोमध उथळ कमान घेऊन उजव्या दाढेपर्यंत पोचलेली. ती रेघ फोडाची नव्हती, घासल्याचीही नव्हती. दुसऱ्या कुणाला ती नुसती लाली दिसली असती. ही हद्द उस्तादने मॉडेलवर पेन्सिलने आखली होती, श्वास रोखून.

तो बघत राहिला. बायकोही आता उठून जवळ आली होती, आणि आपण इथे का आलो हे विसरल्यासारखी त्याच्या हाताकडे बघत होती. त्याचा अंगठा तर्जनीवर पुढे-मागे फिरत होता, कड तपासताना फिरतो तसा. बारा रविवार झाले होते. बाराही रविवारी पोरगी हात पुढे करून शेजारी उभी राहिली होती.

डॉक्टरबाईंनी दिवा बंद केला, मास्क खाली ओढला. एकदा खारूकडे पाहिलं. खारूने त्यांच्याकडे असं पाहिलं, की बाईंनी घसा साफ केला.

“उस्ताद,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज अचानक सरकारी झाला, “प्लेटने तिचं काम केलंय. म्हणजे... पहिला टप्पा झाला असं समजू. आता पुढचा टप्पा आपण ट्रेने करू. ट्रेचं प्लास्टिक आधी तिच्या पाठीवर तपासून घेऊ. आणखीही दोन-चार वस्तू आहेत, त्याही लगे हात तपासू. टाळू बरा होईपर्यंत तोंडात काहीच नको. प्लेट उत्तम होती. फक्त...”

बाई आरसा उगीचच ट्रेमध्ये सरळ करत बसल्या. त्या खोटं बोलण्यात कच्च्या होत्या. उस्तादला पहिल्यांदाच त्यांच्याविषयी बरं वाटलं. खारू खुर्चीत उठून बसली होती आणि डोळे न हलवता बापाच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर होते आणि बोटं पांढरी पडली होती.

“दीड मिलिमीटर,” उस्ताद म्हणाला.

“काय?” बाई म्हणाल्या.

“दोन्ही दात. दीड मिलिमीटर पुढे आलेत. सकाळीच मोजले मी, नव्या मॉडेलवर.” त्याने जरा विचार केला. “डावा थोडा जास्तच असेल. प्लेटचं काम तेवढंच असतं. पुढचं ट्रेचं.”

बाईंनी केसपेपर पुढे ओढला, पेन उघडलं. पेन कागदावर टेकवून त्या क्षणभर उस्तादकडे बघत राहिल्या. मग त्यांनी काही न लिहिता पेनाला टोपण लावलं.

“खरंच, बाबा?” खारू म्हणाली.

“मग! प्लास्टर खोटं बोलतं का?”

“बघ आई! दीड!” खारू खुर्चीवरून उडी मारून उतरली आणि आईचा हात धरून हलवायला लागली. हसताना तिला गाल धरावा लागला, पण ती हसायची थांबली नाही. बायको तिच्या डोक्यावरून उस्तादकडे पाहत होती. मग ती पुढे झाली आणि त्याच्या खांद्यावरचं प्लास्टर, होतं-नव्हतं तेवढं, बोटांनी झटकत बसली.

“आम्ही येतो हं, डॉक्टरताई!” खारू म्हणाली आणि बापाच्या हाताला लोंबकळून त्याला दाराकडे ओढायला लागली. उस्ताद ओढला गेला. मोकळा हात त्याने कोटाच्या खिशात खोल घातला आणि दोन मॉडेलांच्या मधे बोटं सारली, म्हणजे चालताना ती एकमेकांवर वाजायला नकोत.